परीक्षेची मावशी

"लागली की तुला लॉटरी!" माझ्या मागून जाताना मुकुंद ओठ न हलवता पुटपुटला. "मास्टर मिळालीय. आता तरी पास हो, बाई."

मी मान वर केली नाही. परीक्षा चालू असताना इंटर्ननं उमेदवाराशी बोलणं म्हणजे दोघांच्याही गळ्याला फास. तो रक्तदाबाचं यंत्र काखेत मारून पुढच्या खाटेकडे गेला. मी पडदा बाजूला केला, तर खाटेवर द्वारकामावशी पडून होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

मला रडूच यायचं बाकी होतं. फायनल एम.बी.बी.एस.च्या मेडिसिनची माझी ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला परीक्षक समोर उभे राहिले आणि माझा आवाजच गेला. सगळं येत होतं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. दुसऱ्या खेपेला शब्द फुटले ते उलटे फुटले. उजव्या फुप्फुसातलं पाणी मी डाव्यात सांगून मोकळी झाले. मुकुंद माझ्याच वर्गातला. तो पहिल्या दणक्यात पास होऊन इंटर्न झाला, वॉर्डात ऐटीत फिरू लागला आणि मी तशीच राहिले.

आणि माझे वडील, आबा, सकाळपासून हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर येऊन बसले होते. आम्ही गुरव, गावातल्या देवळाची पूजाअर्चा आबांकडे. पूजा चुलत्यांवर सोपवून ते माझी ट्रंक न्यायला आले होते. "निकाल कशाला लागतोय, तुझ्या तोंडावरनंच कळंल मला," ते म्हणाले होते. "बरं गेलं तर तू तुझी मोकळी. न्हाई तर सांजच्या गाडीनं दोघंबी जाऊ. ते पलूसचं स्थळ आता थांबायचं न्हाई, हेमा." रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू म्हणाले, तिथंच माझं बळ गेलं.

तर अशा दिवशी मला मावशी मिळाली होती. तिला मास्टर म्हणण्याचं कारण असं की तिला एम.एस. होता, म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, हृदयातली एक झडप आकसून जाण्याचा आजार. सर्जरीतल्या मोठ्या पदवीलाही एम.एस.च म्हणतात, मास्टर ऑफ सर्जरी. "आपल्या सगळ्यांच्या आधी मावशीनं पदवी घेतली," असं मुकुंदनं जाहीर केलं आणि तेव्हापासून ती मास्टर झाली.

हॉस्टेलवर आमचा असा एक तोंडी कोशच होता. पेशंटसमोर आजाराचं नाव घ्यायचं नाही म्हणून आम्ही इंग्रजी आद्याक्षरं वापरायचो आणि मुकुंद त्यांना मराठी अंगडी-टोपडी शिवायचा. टी.बी. म्हणजे तंबाखू-बिडी. ज्याचं कारण सापडत नाही त्या तापाला पी.यू.ओ. म्हणतात, तो झाला 'प्रोफेसरांनाही उमगेना, ओके'. सी.सी.एफ. हे खरं तर हृदय थकल्याचं लक्षण, पण बरं होऊनही खाट न सोडणाऱ्यांसाठी ते 'चहा, चपाती, फुकट'. धुरानं छाती गेलेल्या बायकांचा सी.ओ.पी.डी. म्हणजे 'चुलीपाशी ओणवी पडून दमलेली'. आणि के.एन.के., 'काहीच नाही कळत'. हा पेशंटला होत नाही, विद्यार्थ्याला होतो. मला तो जुनाट आहे, असं मुकुंदचं निदान होतं. मीही हसायचे. न हसून जाणार कुठं?

मावशीला हे सगळं पाठ होतं. आमच्याकडे अशी पद्धत होती की ज्यांच्या छातीत, पोटात ठसठशीत खुणा आहेत अशा जुन्या पेशंटना परीक्षेच्या आधी निरोप धाडून बोलावून घ्यायचं. मावशी जत तालुक्यातल्या तिच्या गावाहून दर परीक्षेला एसटीनं यायची. तिच्या छातीतला आवाज बहिऱ्यालाही ऐकू यावा असा होता. हकिकत सांगायची तर आमच्या पुस्तकात जो क्रम असतो त्याच क्रमानं: आधी लहानपणी सांधे सुजलेले, मग चढावर धाप, मग छातीत धडधड, मग रात्री दोन उशा. नवखा उमेदवार विसरलाच तर "आता मला डाव्या कुशीवर वळीव की," असं तीच सुचवायची. मुंबईला जाऊन झडप उघडून घे, असं आमचे मेडिसिनचे सर तिला दर वर्षी सांगत. ती म्हणायची, "आनी मग परीक्षेला ह्या पोरांनी कुनाची छाती ऐकायची?" सगळे हसायचे. खरं कारण भीती होतं. तिच्या मागं-पुढं कुणी नव्हतं. तीन बाळंतपणं अर्धवट गेली होती आणि नवऱ्यानं दुसरी केली होती.

मागच्या वर्षी ती महिनाभर वॉर्डात होती. माझा वर्ग पुढं निघून गेलेला, नव्या मुलांत मला लाज वाटायची. मी दुपारी तिच्या खाटेपाशी जाऊन बसायचे. तिची वेणी घालायचे. ती मला पुस्तकातलं विचारायची आणि मी सांगायचे. तिच्यासमोर माझा आवाज कधी गेला नाही.

"बस की," मावशी म्हणाली. "वाघ बघितल्यागत काय बघतीस? मीच हाय."

"मावशी, तुम्ही मला कशा काय मिळालात?"

"मिळाले कशी?" तिनं आवाज खाली केला. "नंबर लावत हुतं त्या पोराला सांगितलं, हेमाला मीच पायजे. दुसऱ्या केसवर पोरगी दोनदा पडलीया." एवढं बोलून तिनं डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. "घे लिव्हून. लहानपनी सांधं सुजलं हुतं…"

मी लिहायला लागले. परीक्षक यायला अजून वेळ होता. उकाडा असा की माझी पाठ ओली झाली होती, आणि मावशीनं मात्र हॉस्पिटलचं लाल ब्लँकेट कमरेपासून खाली घट्ट लपेटून घेतलं होतं. तिच्या कपाळावर घाम होता. बोलताना ती मध्येच थांबत होती. मला वाटलं, धाप.

"दुखतंय का कुठं?"

"कुटं दुकतंय? तू छाती ऐक."

छाती ऐकली. तोच आवाज, पण हृदयाचा ठेका पार विस्कटलेला. मागच्या वर्षी तो नियमित होता. पण ही गोष्टही पुस्तकातलीच होती. या आजारात असं होतं. मी तेही लिहिलं. उलट बरंच वाटलं. परीक्षकांना सांगायला एक मुद्दा वाढला.

आता नाड्या राहिल्या. आमच्या परीक्षेत एक वाक्य असतं: "हातापायांच्या सगळ्या नाड्या व्यवस्थित लागतात." हे प्रत्येक उमेदवार म्हणतो आणि पायाला हात कुणी लावत नाही. परीक्षकही लावत नाहीत. पण मी दोनदा पडलेली. माझी अवस्था अशी होती की पुस्तकात हात लावा म्हटलंय ना, मग लावायचाच. मी ब्लँकेट सारायला हात घातला, तर मावशीनं माझं मनगट धरलं.

"पायात काय न्हाई. पाय ऱ्हाऊ दे."

"मावशी, सगळं तपासावं लागतं."

"आजवर कुनी तपासलाय का पाय? दहा पोरं पास झाली माझ्यावर. लिव्ह तू, समद्या नाड्या लागत्यात."

तिच्या हाताला जोर नव्हता. मी ब्लँकेट बाजूला केलं. उजवा पाय नेहमीचा, भेगाळलेला, ऊन. डावा गुडघ्याखाली पांढराफटक पडला होता. मी हात लावला आणि झटकन मागं घेतला. माठाच्या बुडाला लावावा तसा तो गार होता. पावलावर नाडी नाही. घोट्यामागं नाही. गुडघ्यामागं बोटं खुपसली, तिथंही नाही. मांडीच्या सांध्यात तेवढी लागली.

हृदयात साकळलेल्या रक्ताची गाठ सुटून पायाच्या रक्तवाहिनीत अडकली होती. असा पाय फार तर सहा तास तग धरतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं ब्लँकेट पुन्हा पायावर ओढायला हात घातला.

"मावशी, कधीपासून?"

"स्टँडवर उतरताना," ती म्हणाली. "कुनीतरी काठी हाणल्यागत झालं. मग मुंग्या. आता तर काय कळतच न्हाई त्यात."

जतची पहिली गाडी साडेसहाला येते. आता दहा वाजायला आले होते.

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले असते तर मला हितनं उचलून न्हेलं असतं. तुला कोन लावला असता?" तिनं माझं मनगट पुन्हा धरलं. "हेमा, माझं ऐक. ते सायेब येतील, तू छातीचं सांग. घडाघडा सांग, माझ्यापुढं सांगतीस तसं. ते गेलं की मग पायाचं सांग. कितीसा येळ लागतोय? तवर मी दम काडते."

मी खोटं बोलणार नाही: त्या क्षणी मी मनात हिशेब केला. पण तो पाय माझ्या हाताखाली होता आणि तो माणसाचा पाय वाटत नव्हता.

मुकुंद पुन्हा पडद्यापलीकडून चालला होता. मी हाक मारली, "मुकुंद!"

"गप," तो दात न उघडता म्हणाला. "के.एन.के. झालं का? अगं, मास्टर आहे ती. लिही आणि शांत बस."

"सकाळी तू तपासलंस ना हिला? पायाच्या नाड्या लागल्या होत्या?"

"सगळ्या नाड्या व्यवस्थित लागतात," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याची नजर खाली गेली. त्यानं यंत्र खाटेवर टाकलं आणि पाय हातात घेतला. मुकुंदचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होते, त्यावर चेष्टा नाही असं प्रथमच दिसलं. तो नाडी शोधत राहिला. घोट्यावर, गुडघ्यामागं, पुन्हा घोट्यावर.

"सर!" मी ओरडले. अख्खा वॉर्ड दचकला. हा आवाज माझा होता यावर माझाच विश्वास बसेना. "सर, इकडं या! पेशंटचा पाय चाललाय!"

बाहेरचे परीक्षक डॉ. भरुचा पलीकडच्या टोकाला होते. मुंबईचे, उंच, पांढऱ्या केसांचे; त्यांच्या हाताखालून निम्मे पडतात अशी त्यांची ख्याती. ते तरातरा आले. मला वाटलं, आधी मला हाकलतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मावशीच्या मांडीवर हात ठेवला आणि खाली खाली नेत पावलापर्यंत आले.

"सर्जरीला फोन करा. ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगा. ट्रॉली आणा," ते मुकुंदला म्हणाले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "तुमची केस गेली. मी तुम्हाला दुसरी देतो. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर जा आणि पहिल्यापासून सुरू करा. वेळ पूर्ण मिळेल."

इतकं सरळ होतं ते. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"मी न्हाई जायाची," मावशी म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी दांडा पकडला होता.

"आई, थांबलं तर पाय कापायला लागेल," डॉ. भरुचा म्हणाले. त्यांचं मराठी बेताचं होतं, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

"कापा. पन ह्या पोरीची परीक्षा झाल्यावर कापा. हितं, माझ्यावर घ्या तिची परीक्षा. दुसरी केस नगं तिला. दुसऱ्या केसवर तिची वाचा बसती."

"ऑपरेशनच्या कागदावर तुमचा अंगठा लागेल," ते म्हणाले.

"मग न्हाई देत अंगठा!"

ट्रॉली आली. वॉर्डबॉयनं तिला उचलायचा प्रयत्न केला, तर ती किंचाळली. मुकुंद तिच्या हातापाया पडला. "मावशी, तुम्ही मास्टर ना आमच्या? असं करतात का?" ती त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती. मी समजावलं, मी रडले, मी शपथ घातली. ती एकच म्हणत होती, "तुजं संपल्याबिगर मी हलायची न्हाई." तिचे ओठ निळे पडत चालले होते. डॉ. भरुचांनी घड्याळाकडे बघितलं.

मला फाटकाबाहेर बसलेले आबा दिसले. पलूसचं घर दिसलं, जे मी कधी बघितलंही नव्हतं.

मी अॅप्रनची बटणं काढली. अॅप्रन खाटेच्या पायथ्याशी टाकला.

"सर, मी परीक्षा सोडते."

"काय?"

"मी दुसरी केस घेणार नाही. मला गैरहजर लावा." मग मी मावशीकडे वळले. "संपलं माझं. ऐकलंत? संपली परीक्षा. आता कशासाठी बसलाय इथं?"

"हेमा," मुकुंद म्हणाला, "अगं, वेडी आहेस का तू?"

"उमेदवार वॉर्डाबाहेर गेला की त्याची परीक्षा संपते," डॉ. भरुचा हळू म्हणाले. "मला मग काही करता येणार नाही. विचार करा."

मी ट्रॉलीचा दांडा धरला आणि मावशीकडे बघत राहिले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की तेवढा राग मी पुढं कधी कुणाच्या डोळ्यांत बघितला नाही. मग तिच्या मुठी सुटल्या. आम्ही तिला ट्रॉलीवर घेतलं, आणि दाराबाहेर पडताना मी मागं वळून बघितलं नाही.

दुपारी तिला सर्जरीच्या वॉर्डात आणलं. पाय वाचला होता. घोट्यामागं नाडी लागत होती. ती मी स्वतः तपासली, पुन्हा पुन्हा तपासली. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय मिळाला, पण हृदय असंच गाठी सोडत राहणार. पुढची कुठं जाईल ते सांगता येत नाही. फार दिवसांची आशा ठेवू नका." त्यांना मी तिची मुलगी वाटले.

मी तिच्या उशाशी स्टुलावर बसले. ती जागी होती. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मावशी."

मी स्टूल आणखी पुढं ओढलं.

"मावशी, पाय वाचला तुमचा."

"तुला कुनी वाचवाया सांगितला हुता?" भिंतीकडे तोंड करूनच ती बोलली. "पाय माझा हुता. त्यो ठेवायचा का द्यायचा, ते मी ठरवनार हुते. काय न्हाई माझ्यापाशी दुसऱ्याला द्यायजोगं. एक ही झडप सडकी, तिच्यावर पोरं पास हुत्यात. म्हनलं, आपल्या पोरीला पाय देऊ. तर तू लाथाडलास."

मी तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मोठमोठ्यानं रडले. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. मला कशाचीच लाज उरली नव्हती.

आबा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मुकुंद त्यांना घेऊन आला होता. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. "चल बाळ," ते म्हणाले. "ट्रंक घेतलीया मी खाली. गाडीची येळ झाली."

मी उठले. खरंच उठले. अंगात काही राहिलंच नव्हतं; कुणी म्हटलं असतं विहिरीत उतर, तर तिथंही उतरले असते.

"हिचा बा का तुम्ही?" मावशीनं मान वळवली होती.

"व्हय."

"हिकडं या जरा."

आबा खाटेजवळ आले. टोपी काढून हातात घेतली. का घेतली कोण जाणे.

"पुढली परीक्षा कधी असती?" तिनं मला विचारलं.

"सहा महिन्यांनी," मी म्हणाले.

"आयकलं? सहा म्हयनं." तिला बोलायला त्रास होत होता, एकेक शब्द उचलून ठेवत होती. "सकाळच्याला पोरगी कशी वरडली ते तुम्ही आयकलं न्हाई. मी आयकलं. त्या साहेबाच्या तोंडावर वरडली. ती पास हुनार. माझ्यावर हुनार."

"बाई, पाव्हणं थांबत न्हाईत," आबा म्हणाले. "आमची बी काय अडचण हाय, ती…"

"अडचन!" मावशी म्हणाली. "डाक्टर हळू बोलला, पन मी आयकलंय त्यो काय म्हनला त्ये. तुम्हाला सहा म्हयनं पोरगी थांबवायची हाय. मला जीव थांबवायचा हाय. बोला, कुनाचं अवघड?"

आबा खाटेच्या पायथ्याशी गेले. मग त्यांनी तिच्या पायांवरचं ब्लँकेट सरकलं होतं ते नीट ओढून घातलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि मुकुंदला म्हणाले, "ती ट्रंक जरा वर आनाया हात लावा."

संध्याकाळच्या गाडीनं आबा एकटेच गावी गेले.